तंतोतंत पेंटरचे नऊ पट्टे

माझ्या भावाला सगळे तंतोतंत पेंटर म्हणतात. हे नाव कुणी कौतुकाने ठेवलेलं नाही, वैतागून ठेवलंय. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने मेलेल्या बापाचं चित्र करायला सांगितलं, तर दादाने ते नाकावरच्या चामखिळीसकट केलं. दुकानदार म्हणाला, चामखीळ तेवढी उडवा. दादा म्हणाला, तुमच्या बापाने सत्तर वर्षं सांभाळली, ती उडवणारा मी कोण? शब्दाने शब्द वाढला. दुकानदाराने तराजूतलं वजन फेकून मारलं, दादाने शिडी. एकाचा दात गेला, दुसऱ्याच्या भुवईला तीन टाके पडले, आणि चित्र आजही चामखिळीसकट त्या दुकानात टांगलेलं आहे.

मी त्याची धाकटी बहीण. माझं फ्रेमांचं दुकान आहे. पुढच्या खोलीत मी लाकडी पट्ट्या तिरक्या कापते, सरस लावते, काच बसवते, खिळे ठोकते. मागच्या खोलीत तो रंग कालवतो. पोटासाठी तो दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवायचा, पण जीव सगळा निसर्गचित्रांत. माझ्या जिभेला हाड नाही असं तो म्हणतो. त्याच्या हाताला लगाम नाही असं मी म्हणते. दोघांचंही खरं आहे. लहानपणापासून आम्ही एकमेकांची डोकी फोडत आलोय, आणि तिसरा कुणी मध्ये पडला तर दोघं मिळून त्याचं फोडतो.

त्याची निसर्गचित्रं म्हणजे काय, तर माळ, नाला, ओसाड रस्ता, विजेचे खांब. माणूस असलाच तर अंगठ्याएवढा. बघायला सगळं शांत, तरी ती चित्रं घरात कुणाला नको असायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक हौसेने नेलं आणि बाहेरच्या खोलीत लावलं. पंधरा दिवसांनी परत घेऊन आले. म्हणाले, "चित्र उत्तम आहे हो, पण पेशंट आधीच घाबरलेले असतात." नेमकं काय खटकतं ते त्यांना सांगता येईना. मला सांगता आलं असतं. त्या चित्रात नाल्याकाठी पिवळी फुलं होती आणि थोडं पुढे पोट फुगलेला मेलेला कुत्रा होता, आणि काढणाऱ्याने दोन्हींकडे अगदी सारख्याच मायेने पाहिलं होतं. म्हणजे मायेने नाहीच.

ही त्याची रीतच होती. "वस्तूचं नाव विसरायचं," तो म्हणायचा. "झाड म्हणालीस की तू मनातलं झाड काढणार. समोर झाड नसतंच. हिरवा एक डाग असतो, त्याच्या शेजारी काळपट दुसरा. डाग उचलायचा, कॅनव्हासवर ठेवायचा, पुढे जायचं." कॅनव्हासवर तो पेन्सिलीने उभे पट्टे आखून घ्यायचा. रोज सकाळी आठ ते दहा, एका दिवशी एकच पट्टा. तो पुरा झाला की त्याला पुन्हा हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी समोरचं काही बदललं तरी नाही. आणि पाट्या रंगवण्याची सवय म्हणून प्रत्येक पट्ट्याच्या तळाशी बारीक पांढऱ्या आकड्यांत तारीख घालायचा. फ्रेम बसली की तिच्या खाचेत ते आकडे झाकले जायचे. त्यामुळे त्याच्या एकेका चित्रात आठ-नऊ वेगवेगळे दिवस शेजारी शेजारी उभे असतात, हे त्याच्याशिवाय फक्त मला माहीत होतं.

वहिनी लवकर गेली. मुलीला त्याने एकट्याने वाढवलं, वेण्या घालण्यापासून सगळं केलं, आणि नवरा मात्र तिला असा शोधला की शत्रूनेही शोधला नसता. जावई दगडखाणीवर मुकादम. दादाला तो पहिल्या भेटीतच आवडला, कारण नजरेला नजर देऊन बोलतो. मी म्हटलं, "अरे, नजरेला नजर बैलसुद्धा देतो, शिंगावर घ्यायच्या आधी." पण माझं ऐकतोय कोण? लग्नाला वर्ष व्हायच्या आत भाची गालावर निळा डाग घेऊन माहेरी आली. "दार लागलं," म्हणाली. दादाने तिची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं आणि म्हणाला, "चार दिवसांपूर्वीचं दिसतंय. मध्ये जांभळा आहे, कडेला पिवळा यायला लागलाय." एवढं बोलून तो रंग कालवायला निघून गेला.

मला त्या दिवशी त्याच्या डोक्यात हातोडा घालावासा वाटला. लेकीच्या गालावरचे तीन रंग बापाला दिसले आणि मार दिसला नाही. मी भाचीला म्हटलं, "पोरी, इथेच राहा. तुझ्या नवऱ्याला मी बघते." ती म्हणाली, "आत्या, तो म्हणतो, माहेरी राहिलीस तर तुझ्या बापाला खाणीत गाडीन." आणि संध्याकाळच्या आत परत गेली. दादाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, नवरा-बायकोत बोलण्याच्या भरात होतं असं. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याचं लक्षही गेलं नाही.

त्याच सुमारास खाणमालकांना नव्या ऑफिसच्या भिंतीसाठी खाणीचं सहा फुटी चित्र हवं होतं. जावयाने सासऱ्याचं नाव सुचवलं, तेवढाच स्वतःचा भाव वाढवायला. मालक म्हणाले, "पेंटर, जरा देखणं काढा, धूळबीळ नको." दादा म्हणाला, धूळ नको असेल तर खाण बंद ठेवा. मालक हसले. त्यांना वाटलं, कलावंत माणूस गंमत करतोय.

खाणीच्या समोरच्या कड्यावर दादा स्टूल मांडून बसला. आठ तारखेपासून सोळा तारखेपर्यंत, नऊ दिवस, नऊ पट्टे. खाली अर्धा कापलेला डोंगर, खड्ड्यात साचलेलं हिरवं पाणी, खडीचं मशीन, आणि सगळ्यांपासून दूर एकटी उभी असलेली कोठी. तिच्यात सुरुंगाची दारू ठेवत. दुपारी सुरुंग उडायचे, त्याआधी तो घरी यायचा, पापण्यांवरसुद्धा दगडाची भुकटी घेऊन. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "आज मुकादम एका मजुराला कमरेच्या पट्ट्याने मारत होता. मजूर लोळला तेव्हा धूळ उठली, काय पिवळी दिसली म्हणून सांगू!" मी विचारलं, "मुकादम म्हणजे आपला जावई?" तो म्हणाला, "हो," आणि वाटी पुढे केली. मी त्याला वाढलं नाही. त्याने स्वतः घेतलं.

चित्र पुरं झाल्यावर माझ्या दुकानाच्या आतल्या भिंतीला टेकवून ठेवलं. तैलरंग वाळायला वेळ लागतो, महिनाभर तरी फ्रेमेत घालता येत नाही. तो महिना होत आला होता, तेव्हा एके सकाळी एक बाई दुकानाची पायरी चढली. तिच्या हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो होता.

"ताई, ह्याला काच बसवून द्याल का? दाखवून दाखवून चेहरा पुसत चाललाय."

फोटो तिच्या नवऱ्याचा होता. तो खाणीवर सुरुंगवाला होता, खडकात छिद्रं पाडून दारू ठासायचा. खाणीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहायचा आणि दर रविवारी गावी फोन करायचा. पाच रविवार गेले, फोन आला नाही. ती शोधत आली तर खाणीवर सांगितलं, नऊ तारखेला मुकादमाशी भांडला, सामान उचललं आणि गेला.

"चाळीस माणसं आहेत तिथे," ती म्हणाली. "चाळीसच्या चाळीस नऊ तारीख म्हणतात, पाठ केल्यासारखी. एक जण म्हणाला, दुसरी केली असेल. केली असेल तर करू दे, ताई, मी भांडायला आले नाही. पण तो आहे कुठे, जिवंत आहे की नाही, एवढं मला कुणी तरी सांगा. पोरं विचारतात, मी काय सांगू?"

मी हिरकणीने काच कापत होते. ती बोलायची थांबली म्हणून मान वर केली. ती चित्रासमोर उभी होती, हाताच्या अंतरावर. चौथ्या पट्ट्यात पाण्याच्या काठी एक माणूस पाठमोरा उभा होता, अंगठ्याएवढा, खांद्यावर सळया घेतलेला. शर्ट निळा आणि उजवी बाही पिवळी.

"ही बाही मी लावलीय," ती म्हणाली. "आधीची जळली होती. घरात निळं कापड नव्हतं."

मी वाकले. फ्रेम नव्हती, त्यामुळे आकडे उघडे होते. चौथ्या पट्ट्याखाली अकरा तारीख. ती मोठ्याने वाचण्याआधी भाचीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला, हेही सांगते; लपवून आता काय उपयोग? पण ही बाई समोर अशी उभी होती की माझी जीभ थांबली नाही. मी वाचलं. "नऊला गेलेला माणूस अकराला पाण्यावर कसा?" असं ती तीनदा म्हणाली, पहिल्यांदा मला, मग चित्राला, मग स्वतःलाच. काच तशीच टाकून ती पोलीस चौकीकडे धावत सुटली.

चौकीतली बातमी खाणीवर पोचायला तासही लागला नाही. जावई आला तो जीपची पुढची चाकं दुकानाच्या पायरीवर चढवूनच. बरोबर खाणीवरचे दोन आडदांड. त्यांनी शटर अर्धं ओढून घेतलं.

"सासरेबुवा, चित्रात थोडी दुरुस्ती करायचीय."

"मी दुरुस्ती करत नाही," दादा म्हणाला.

जावयाने माझ्या टेबलावरचा खिळे ठोकायचा हातोडा उचलला. दोघांनी दादाचा डावा हात टेबलावर दाबून धरला. "उजवा राहू द्या, कामाला लागेल," जावई म्हणाला, आणि आधी करंगळीवर घाव घातला. मग शेजारच्या बोटावर. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. दादा गुरासारखा ओरडला. मी जावयाच्या पाठीवर झेपावले, तर एकाने मला अशी फेकली की मी काचांच्या चळतीवर पडले आणि दोन काचा माझ्या पाठीखाली फुटल्या. तिसऱ्या घावाला दादाची शुद्ध हरपली. त्याच्या तोंडावर पाण्याचा तांब्या ओतून त्यांनी त्याला जागं केलं.

"हे बघा," जावई शांतपणे म्हणाला, चित्राकडे हातोड्याने दाखवत. "पाण्याजवळ हा माणूस नको. झुडूप काढा. आणि तिकडे कोठीच्या मागे तो दगडांचा ढीग दाखवलाय, तोही नको. तिथेही झुडूप. उद्या चौकीतले साहेब त्या बाईला घेऊन चित्र बघायला येणार आहेत. मी तुमच्या लेकीला बरोबर घेऊन येतो. चित्र नीट असेल तर ती आपल्या पायांनी घरी जाईल."

ते गेल्यावर मी फ्रेमेच्या पट्टीचे तुकडे घेऊन दादाची तीन बोटं बांधली. माझ्या पाठीतून रक्त येत होतं, त्याच्या बोटांतून. डॉक्टरांकडे चल म्हटलं तर म्हणाला, "आधी झुडपं." उजव्या हातात ब्रश घेऊन तो चित्रासमोर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा न पाहिलेली वस्तू काढायला लागला. झुडूप इतकं हुबेहूब होत होतं की मला किळस आली. तो रडत होता. बोटांमुळे रडत होता की झुडपामुळे, कोण जाणे.

मध्येच म्हणाला, "माणूस का नको ते कळलं. पण ढिगाचं ह्याला काय एवढं?"

मी त्या ढिगाकडे पाहिलं. सहावा पट्टा, तारीख तेरा. सुरुंगाच्या कोठीजवळ काडीपेटीसुद्धा न्यायला बंदी असते, तिकडे मजूर फिरकतही नाहीत. तिथे डंपर नेऊन दगड कोण ओतेल, आणि कशासाठी? मी दादाला म्हटलं, "अरे, तो माणूस त्या ढिगाखाली आहे." त्याचा ब्रश थांबला. मग तो म्हणाला, "उद्या माझी पोर त्याच्या तावडीत असणार आहे. तू गप्प बस." आणि ढिगावर झुडूप चढायला लागलं. मी गप्प बसले. आज मी त्याला नावं ठेवते खरी, पण त्या दिवसाच्या पापात माझाही अर्धा वाटा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टर साहेब आले, एक शिपाई आला, ती बाई आली. मागोमाग जावई, भाचीला दंडाला धरून. तिचा डावा डोळा सुजून बंद झाला होता, ओठ फाटला होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

बाई सरळ चित्रापाशी गेली. पाण्याकाठी हिरवंगार झुडूप होतं. तिने आधी वाकून पाहिलं, मग मागे सरकून पाहिलं, जणू तो दुसरीकडे कुठे जाऊन उभा राहिला असेल.

"पेंटर, इथे माणूस होता?" साहेबांनी विचारलं.

"नाही," दादा म्हणाला.

"होता!" बाई किंचाळली. "साहेब, होता! ताई, तुम्ही तारीख वाचली होती. तुम्ही सांगा!"

मी जमिनीकडे पाहत राहिले. जावई म्हणाला, "साहेब, नवरा सोडून गेला की बायकांचं असं होतं. वाईट वाटतं बघून." हे बोलताना त्याने भाचीचा दंड जरा पिरगाळला, मला दिसेल असा.

तेवढ्यात भाचीला बापाचा हात दिसला. दादाने तो सदऱ्याखाली लपवला होता, पण लाकडाची टोकं बाहेर आली होती. "बाबा, हाताला काय झालं?"

"दार लागलं," दादा म्हणाला.

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. वर्षभर तिने जे आम्हाला ऐकवलं होतं तेच आज बाप तिला ऐकवत होता. तिने हिसका देऊन दंड सोडवला, टेबलावरची टर्पेंटाइनची बाटली चिंधीवर ओतली आणि चित्रावर फिरवली. आदल्या दिवशीचा रंग ओला होता, खालचा महिनाभर वाळलेला. एका हातासरशी झुडूप चिंधीवर आलं आणि खालून निळा शर्ट निघाला, पिवळ्या बाहीसकट. बाईने तोंडावर हात घेतला. भाची दोन पावलं सरकली आणि कोठीमागचं, तसंच ओलं चमकणारं झुडूप पुसायला लागली. ते अर्धं पुसलं गेलं असेल, तोच जावयाने तिला केसांनी धरून मागे ओढलं आणि तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा नाही, दोनदा. शिपाई अजून तोंड उघडं टाकून उभा होता.

मग मी हातोडा उचलला. तोच, खिळ्यांचा. पहिला घाव त्याच्या कोपरावर घातला, तेव्हा केस सुटले. दुसरा गुडघ्यावर. तो खाली बसला तरी मी थांबले नाही. शिपायाने कमरेला मिठी घालून मला मागे खेचलं तेव्हा थांबले. किती मारलंत, असं नंतर साहेबांनी जबाबात विचारलं. मी म्हटलं, मोजलं नाही, पण प्रत्येक घाव आवडला. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. भला माणूस.

"ह्या ढिगावर झुडूप का काढलंत?" साहेबांनी दादाला विचारलं. दादा लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, त्याच्या सदऱ्यावर तिचं रक्त पसरत होतं. "ह्याने सांगितलं," तो म्हणाला. त्याच दुपारी पोलिसांनी ढीग उपसला. खाली सुरुंगवाला होता. बाईला चेहरा दाखवला नाही, नुसती बाही दाखवली.

जावयाने हाताला प्लास्टर असतानाच सगळं कबूल केलं. एक सुरुंग न फुटता खडकात राहिला होता. सुरुंगवाल्याला त्याने तिथे जाऊन उकरायला सांगितलं. सुरुंगवाला म्हणाला, तू आधी जा, आणि मुकादम अंगावर आला तेव्हा सुरुंगवाल्याने चाळीस माणसांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. हे नऊ तारखेचं. बारा तारखेला संध्याकाळी मजूर पांगल्यावर जावयाने त्याला पहारीने मारलं, आधी पायांवर, मग बरगड्यांवर. मेला असं समजून कोठीमागे टाकला आणि वर एक डंपर दगड ओतले. तेरा तारखेला दुपारी बघायला गेला, तर तो जिवंत होता. मग दुसरा डंपर ओतला.

भाचीच्या डोक्याला अकरा टाके पडले. डाव्या डोळ्याने तिला आता कमी दिसतं, तरी पट्ट्या माझ्यापेक्षा सरळ कापते. ती माझ्याकडेच राहते. इथे हे संपलं असतं तर मी भावाला माफ केलं असतं. शेवटी त्याचं चित्र होतं म्हणून माणूस सापडला, असं शेजारीपाजारी म्हणायचे, आणि मलाही ते ऐकायला बरं वाटत होतं.

चार दिवसांनी जबाबावर सह्या करायला आम्हाला चौकीत बोलावलं. चित्र तिथेच होतं, पुरावा म्हणून, फायलींच्या कपाटाला टेकवलेलं. बाई नवऱ्याच्या वस्तू घ्यायला आली होती. जावयाचा कबुलीजबाब तिला वाचून दाखवला होता. ती चित्रापाशी गेली. ह्या वेळी चौथ्या पट्ट्याकडे तिने पाहिलंही नाही. सहाव्यापाशी वाकली, झुडपाचा राहिलेला हिरवा रंग पदराने घासून काढला आणि ढिगावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

करड्या दगडांमध्ये एक डाग होता, नखाएवढा. करडाच, पण किंचित गुलाबीकडे झुकलेला.

"दगड," दादा म्हणाला.

"दगडाला बोटं असतात?"

मी पुढे होऊन पाहिलं. एका ओळीत पाच ठिपके, एक मोठा, चार लहान. खाली टाच. टाचेवर भुकटी. माणसाचा तळपाय होता. कड्यावरून कोठीची मागची बाजू दिसायची, ती खाणीतल्या दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हती. दादा चित्राच्या इतका जवळ गेला की त्याचं नाक कॅनव्हासला लागलं. स्वतःच काढलेली वस्तू काय आहे, हे त्याला पहिल्यांदा कळत होतं.

"तेरा तारीख," बाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "दुपारी तो जिवंत होता. तुम्ही सकाळी दोन तास समोर बसला होतात. तुम्हाला हललेलं दिसलं नाही?"

नाही म्हणाला असता तर कुणाला कळणार होतं? मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, दादा, नाही म्हण.

"दिसलं," तो म्हणाला. "पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिरकं होतं. रंग लावून पुन्हा पाहिलं तर सरळ झालं होतं. मग परत तिरकं. मला वाटलं, उजेड बदलतोय."

"किती वेळा?"

"बऱ्याच वेळा."

"आणि मग तुम्ही काय केलंत?"

"पहिल्यांदा दिसलं तसंच ठेवलं."

बाईने साहेबांच्या टेबलावरची शर्टाची पुडी उचलली, छातीशी धरली आणि निघून गेली. दादा चित्रासमोर जमिनीवर बसला. थोड्या वेळाने त्याने चांगला हात माझ्याकडे केला आणि म्हणाला, "उठव मला." मी दिला नाही हात.